दोन माणसांची गाडी

तुझं उत्तर द्यायचं राहिलं गो.

महाडच्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या खाटेवर पडल्या पडल्या तू म्हणालीस, "ती गाडी आता देऊन टाका. तिला दोन माणसं लागतात." मी म्हटलं, आधी तू बरी हो, मग बघू. तर म्हणालीस, "हे उत्तर नाय झालं." तेवढ्यात सिस्टर सुई घेऊन आली आणि मला बाहेर काढलं. त्यानंतर तू जे काय बोललीस ते पाणी द्या, पांघरूण सारखं करा, दिनेश आला का, एवढंच. गाडीचा विषय तिथंच राहिला. आपल्या संसारात एवढी भांडणं झाली, पण एक भांडण तू अर्धं टाकलं नव्हतंस. जेवताना सुरू झालं तर भांडी घासताना संपवायचीस, पण संपवायचीस.

तू गेल्यावर माणसं आली, बसली, चहा पिऊन गेली. सगळी म्हणतात, बाई सोशीक होती, कधी कोणाला उलट बोलली नाय. मी गप ऐकतो आणि आतून पेटतो. उलट बोलली नाय? मग माझ्याशी इतकी वर्षं कोण बोलत होतं? ही माणसं भलत्याच कोणा बाईला रडून गेली. म्हणून मी लिहायला बसलो. चार यत्ता शिकलोय, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तुला ठाऊक हाय. वाचायला तूच बसलीयस असं धरून लिहितो.

आठवतं ना, गाडी घेऊन मी मुंबईहून पोलादपूरला आलो तो दिवस? शेठनं जुन्या टॅक्स्या विकायला काढल्या, त्यातली मी चालवायचो तीच पगाराच्या बाकीत मागून घेतली. तू दारात उभी राहून बघितलंस आणि म्हणालीस, "माणसं मुंबईहून कपाट आणतात. तुम्ही हे काय आणलंत?" मग त्याच गाडीतनं डोंगरातल्या वाड्यांवरच्या बाळंतिणी महाडला गेल्या, नवरदेव मिरवले, आणि त्यांच्या आया गाडी ठरवायला तुझ्याकडं यायच्या, माझ्याकडं नाय. कोणाला गाडी द्यायची ते तू ठरवायचीस. मी नुसता ड्रायव्हर. आता हायवेवर शहरातली पोरं थांबवून तिचे फोटो काढतात. तू म्हणायचीस, "माझे कोण काढत नाय. मी पण तेवढीच जुनी हाय."

सपाटीला तिच्यासारखी गाडी नाय. पण आंबेनळी घाट लागला की अर्ध्यावर बसायची. तिचं कारण मी तुला कितीदा सांगायला घेतलं, तू पुरतं ऐकलं नाहीस. आता ऐक. कार्बोरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल मोजून पाजणारी ती वाटी, बसवलीय बरोबर धुराच्या नळीच्या डोक्यावर. जळका धूर बाहेर नेणारी ती बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची नळी घाटात तव्यासारखी तापते. तिची धग वर लागते, वाटीतलं पेट्रोल उकळतं, आणि इंजिनाला पेट्रोलच्या जागी नुसती वाफ जाते. मग झटके देते आणि बंद. गार होईपर्यंत देव आला तरी सुरू व्हायची नाय.

तुझं म्हणणं वेगळं. घाटाखालच्या कापडे गावापर्यंत एसटीच्या पुढं जायला म्हणून तुम्ही तिला पळवता, तिचा दम घाटाच्या आधीच जातो, आणि मग पेट्रोलला शिव्या देता. मी म्हणायचो, उकळतं. तू म्हणायचीस, पळवता. तुझ्या माहेरी पोचेपर्यंत हे चालायचं. तिथं गावातच दिलेल्या तुझ्या ताईला तू विचारायचीस, सांग गो, कोण खरं? ताई म्हणायची, आधी पाणी प्या दोघं.

गाडी झटके द्यायला लागली की मी ब्रेक दाबून धरायचो. हँडब्रेक नावाला, आणि पहिला गिअर आपसूक सुटतो, म्हणून पाय काढायची सोय नाय. गाडी नीट थांबायच्या आत तू दार उघडून खाली. वाटायच्या फुटक्या पाट्याचा दगडी तुकडा तू पायाशीच ठेवायचीस. तो मागच्या चाकाला लावायचीस आणि टपावर दोन थापा मारायचीस. थापा ऐकल्याशिवाय मी कधी पाय सोडला नाय. मग बॉनेट उघडून तू ओलं फडकं घडी करून कार्बोरेटरवर ठेवायचीस. मी दर खेपेला सांगायचो, पाणी बिडावर पाडू नको, तडकेल. तू दर खेपेला म्हणायचीस, अजून तडकलं नाय ना? मग आपण कठड्यावर बसायचो. वर जाणाऱ्या गाड्यांतली माणसं आपल्याला हसायची आणि तू त्यांना हात हलवायचीस, जसं काय आपण मुद्दामच बसलोय.

तेराव्याला सवाष्ण जेवायला बसवली ती शेजारची. तुझ्या मनात ताई होती. माझी साडी ताईलाच द्या, असं तू सुनेला सांगून ठेवलं होतंस, मला नाय. पण ताई खुब्याचं हाड मोडून वर पडलेली, ती घाट उतरून कशी येणार? साडी घरातच राहिली, तुझ्या ट्रंकेवर, पिशवीत. येता-जाता दिसायची.

दिनेश म्हणाला, मी बाईकवर देऊन येतो. मी म्हटलं, साडी मी देणार, गाडीनं जाऊन देणार. तो म्हणाला, "बाबा, त्या गाडीला दोन माणसं लागतात. तुम्ही आता एकटे."

तुझंच वाक्य. मी त्याला विचारलं, आईनं तुला सांगितलं का असं बोलायला? तो म्हणाला, सांगायला कशाला पाहिजे, लहानपणापासून मागच्या सीटवर बसून बघतोय. मग त्यानं सगळंच काढलं. इथं एकटं राहून काय करणार, बिरवाडीला माझ्याकडं चला, कंपनीत असलो तरी फोन केल्यावर पोचतो, आणि गाडी भंगारवाल्याला देऊ. तळीये गाव दरडीखाली गेलं तेव्हापासून तो आपल्या घरामागच्या डोंगराकडं बघितल्याशिवाय बोलत नाय. भीती खरी हाय त्याची. पण मी पण तुझाच नवरा. मी म्हटलं, गाडी न थांबता घाट चढली तर गाडी पण राहील आणि मी पण इथंच राहीन. थांबली तर तू म्हणशील तसं. तो म्हणाला, ठरलं. सून मध्ये पडायला बघत होती, तिला दोघांनी गप केलं.

मग मी त्या धगीच्या मागं लागलो. दुसरं करायला होतं काय मला? सकाळी उठायचं, दोन कप चहा ठेवायचा, मग आठवायचं, आणि बॉनेट उघडून उभं राहायचं. दुसरा कप तिथंच मडगार्डवर ठेवून गार व्हायचा.

महाडला जाऊन जाड फायबरचं पॅकिंग कापून आणलं, कार्बोरेटरच्या बुडाखाली घातलं, म्हणजे खालच्या लोखंडाची धग सरळ वर चढायला नको. त्याला मग बोल्ट लांब लागले, त्यासाठी परत महाड. पेट्रोलची नळी धुराच्या नळीला घासून जायची, ती सोडवून लांबून फिरवली. बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वायसर घालून फट ठेवली, आतला गरम वारा तिथनं निघून जावा म्हणून. आणि कार्बोरेटर नि धुराची नळी ह्या दोघांच्या मध्ये पत्रा पाहिजे होता. लोखंडाचा पत्रा स्वतःच तापतो, ॲल्युमिनियमचा धग परत खाली फेकतो. तसा पत्रा घरात एकच होता. तुझं मोठं पातेलं कापलं गो. ज्यात गणपतीला सगळ्या वाडीचा भात शिजायचा ते. कात्री लावताना मला वाटलं, आता तू आतनं येशील आणि हात धरशील. निदान शिवी देशील. मी कात्री लावून थांबलो पण. कोण आलं नाय. मग कापलं.

नंतर गाडी हायवेला नेऊन दामटवली, परत येऊन बॉनेट उघडलं आणि कार्बोरेटरला हात लावला. पूर्वी चटका बसायचा. आता हात ठेवून उभा राहता आलं. नुसतं कोमट होतं. मी मागं वळून म्हटलं, "बघ, हात लावून बघ."

असं होतं माझं. रोज होतं. दार वाजलं की होतं, कोणी खोकलं की होतं.

दुसऱ्या दिवशी साडीची पिशवी तुझ्या सीटवर ठेवली आणि निघालो. दगड तुझ्या पायाच्या जागी होता तसाच होता, मी हलवला नव्हता. एसटी मागनं आली, हॉर्न मारला, मी तिला पुढं जाऊ दिली. तू असतीस तर पत्रिका बघायला गेली असतीस, ह्यांना काय झालं म्हणून. कापडे गाव मागं पडलं. घाट लागला. मी दुसऱ्या गिअरवर हळूहळू घेत होतो, कान इंजिनाला लावून. आपलं वळण आलं, आपला कठडा आला. झटका नाय, काय नाय. नीट चढत राहिली.

एवढ्या वर्षांत जे झालं नाय ते झालं, तर मला आनंद व्हायला पाहिजे होता का नाय? कठडा मागं गेला आणि मी आरशात त्याच्याकडंच बघत राहिलो. थांबावं तर कशाला थांबावं? आणि वर आपलं भांडण पण मिटलं नाय. मी पत्रा पण घातला आणि गाडी पण पळवली नाय. आता कोण खरं ते कसं कळायचं? तू जिंकलीस का मी, हे आता कोणालाच सांगता येणार नाय.

पुढं दोन वळणं गेलो तर गाड्यांची रांग. पावसात आलेली दरड जेसीबी काढत होता, एका बाजूनं सोडत होते. मी रांगेत चढावर उभा. इथंच माझं चुकलं. पत्रा, फट, सगळं केलं ते चालत्या गाडीसाठी. चालत्या गाडीला वारा लागतो. उभ्या गाडीला वारा कुठला? नळीची सगळी धग बॉनेटखाली साठत गेली, आणि पातेल्याचा पत्रा तरी किती अडवणार. इंजिनानं दोन झटके दिले आणि बंद पडलं. परत परत चावी मारली. बॅटरी दमली, पण ते काय उठलं नाय.

मी ब्रेकवर पाय दाबून बसलो. मागं टेम्पो, डाव्या अंगाला दरी. दगड हातभर अंतरावर, पण तो घ्यायला वाकलो तर पाय उचलतो, आणि घेतला तरी चाकाला लावायला उतरणार कसा? रांग पुढं सरकली. मागनं हॉर्न वाजायला लागले. आणि मी ओरडलो, "अगो, दगड लाव!"

मोठ्यानं ओरडलो. आणि थापांची वाट बघत बसलो. खोटं सांगत नाय, खरंच वाट बघत बसलो. थापा आल्या नाय तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की तू मेलीस. चितेजवळ समजलं नव्हतं. वाटलं, सोडावा पाय. कशाला धरून बसलोय एवढं? मागच्या टेम्पोत माणसं हायत म्हणून नाय सोडला. तेवढंच कारण होतं, दुसरं नाय.

टेम्पोतनं एक बाई उतरून आली. साताऱ्याकडची असावी, बोलण्यावरनं. खिडकीशी वाकून म्हणाली, "बाबा, कुणाला हाक मारताय?"

मी म्हटलं, "बायकोला. मेली ती. तो खाली दगड हाय, तेवढा मागच्या चाकाला लावा."

तिनं दार उघडलं, साडीची पिशवी बाजूला सरकवली, दगड उचलला आणि मागं गेली. मागनं म्हणाली, लावला. मी पाय काढला नाय. ती परत म्हणाली, लावला वो बाबा, सोडा आता. पाय निघेचना. मी नुसती मान वळवून म्हटलं, "टपावर मारा."

तिला वाटलं असेल म्हातारं खुळं हाय. पण मारल्या तिनं. दोन मारल्या. तेव्हा पाय सुटला, आणि मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. तू गेल्यापासून रडलो नव्हतो. चढावर, सगळ्या रांगेसमोर, हॉर्न वाजत असताना रडलो.

तिच्या नवऱ्यानं बाटलीतलं पाणी आणलं, फडकं भिजवलं. मी आतनंच सांगितलं, बिडावर पाडू नका. तो म्हणाला, कळतं मला. गाडी गार होऊन सुरू झाली तर बाई दगड घेऊन तुझ्या जागेवर बसली. म्हणाली, वरपर्यंत येते, परत बंद पडली तर काय करणार तुम्ही? नवऱ्यानं मागनं मान हलवली, जा म्हणून. मला तिचा राग आला गो. उपकार करणाऱ्या बाईचा राग आला. पिशवी मांडीवर, दगड पायाशी, अगदी तू बसायचीस तशी बसली होती. तोंडावर आलं होतं, उठ तिथनं. ती आपली बोलत होती, आमचा टेम्पो पण असाच हाय, मी उतरल्याबिगर चढत नाय, ह्यांना वाटतं टेम्पो तेच चालवतात. मी ऐकत राहिलो. वाटेत एकदा तिनं तुझ्यासारखंच विचारलं, "एवढी हळू काय हाकताय?"

प्रतापगडाच्या फाट्याला ती उतरली. दगड जागेवर ठेवला, पिशवी सीटवर ठेवली, आणि म्हणाली, परत एकटं येऊ नका. टेम्पोत चढली आणि गेली. मी नाव विचारलं नाय. विचारायला पाहिजे होतं. तू असतीस तर तिची सगळी माहिती काढून, तिची पोरं कितवीत हायत ते विचारून, वर जेवायला घेऊन आली असतीस.

ताईला साडी दिली. खाटेवर उशांना टेकून ती साडी मांडीवर घेऊन बसली. घडी उघडली नाय. "हिनं स्वतःला कधी एवढी चांगली घेतली नाय," म्हणाली. मग मला म्हणाली, भावोजी, आधी पाणी प्या. आणि बाजूला दुसरा पेला ठेवला होता तो बघून तिनं स्वतःच तोंड फिरवलं.

संध्याकाळी दिनेशचा फोन आला. पोचलात का, जेवलात का, आणि मग विचारलं, थांबली का? मी म्हटलं, "नाय. एकदम वरपर्यंत आली." तो म्हणाला, "बरं बाबा. मग राहा तुम्ही. गाडी पण ठेवा." आवाजात नाराजी नव्हती. माझ्या शब्दावर त्यानं विश्वास ठेवला. तू असतीस तर फोन माझ्या हातातनं ओढून घेतला असतास आणि सगळं सांगितलं असतंस, रडलो ते पण.

तर हे उत्तर. तुझं बरोबर होतं. तिला दोन माणसं लागतात. धग मी कमी केली, आणखी पण करीन, उभ्या गाडीसाठी काय करता येतं ते पण मला माहिती हाय. पण दगड लावायला जे लागतं ते मला कुठल्या पत्र्यातनं कापता येत नाय. हे मी दिनेशला सांगणार नाय. फक्त तुला सांगतो. आणि तुझे आभार कधी मानले नव्हते. मानले असते तर तू म्हणाली असतीस, ताप आलाय का. आता मानतो. त्या प्रत्येक खेपेचे, जेव्हा गाडी नीट थांबायच्या आत तू उतरलीस.

ताईकडं येऊन बरेच दिवस झाले. ती जा म्हणत नाय, पण तिचा मुलगा काल विचारत होता, काका, गाडीला काय झालंय का, बघू का? मी म्हटलं, काय झालं नाय. खरंच काय झालं नाय. घाट उतरायचा तर इंजिनावर जोर येत नाय, धग धरत नाय, पेट्रोल उकळत नाय. फडकं लागत नाय, दगड लागत नाय, दुसरं माणूस लागत नाय. कुठं थांबावं लागणार नाय. चावी फिरवली की थेट घराच्या दारात. रोज सकाळी मी खाली रस्त्यावर जातो, गाडीत बसतो, चावी लावतो. फिरवत नाय. एवढ्या लवकर घरी जाऊन करू काय गो?